सोमवारची हजेरी

प्रस्तावना

या पुस्तकाची सुरुवात एका हजेरीच्या वहीतून झाली. वर्गाचा हजेरीपट नव्हे. मैदानावरच्या सरावासाठी मी दरवर्षी वेगळी वही घालत असे. तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून सव्वीस वर्षे काम केले आणि त्यातली बहुतेक वर्षे मुलींच्या खो-खो संघाबरोबर गेली. सकाळी सहाला सराव, साडेसातला मुली घरी, साडेदहाला शाळा. वहीत नावे, नावापुढे ‘ह’ किंवा ‘ग’, आणि स्पर्धांच्या तारखांभोवती लाल शाईची चौकट. निवृत्तीनंतर कपाट आवरताना या सगळ्या वह्या एकत्र निघाल्या आणि मी त्या जमिनीवर पसरून बसले.

लाल चौकटींच्या पुढचे रकाने वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. इतकी वर्षे ती रोज समोर असून मला दिसली नव्हती. स्पर्धा बहुधा आठवड्याच्या अखेरीस संपत. जिंकून आलो असलो, तर सोमवारचा रकाना ‘ह’ने भरलेला असे. हरून आलो असलो, तर मात्र दर वर्षीचा सोमवार वेगळा. एखाद्या वर्षी अख्खा संघ हजर. एखाद्या वर्षी निम्म्या मुली गायब. आणि काही नावांपुढे त्या सोमवारपासून वर्षअखेरपर्यंत ‘ग’, ‘ग’, ‘ग’. पुढल्या वर्षीच्या वहीत ते नावच नाही. राज्य पातळीवर खेळलेल्या माझ्या मुलींची नावे मला पाठ होती. ही नावे वाचून आठवावी लागली, त्याची बोच अजून आहे.

हरल्यानंतरच्या सोमवारी मैदानावर कोण येते, आणि येणारी का येते? हे पुस्तक म्हणजे या एका प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

विषयाला पुस्तकी नाव आहे: विद्यार्थी खेळाडूंची मानसिक कणखरता. इंग्रजीतला ‘मेंटल टफनेस’ हा शब्द आता आपल्या मैदानांवरही रुळला आहे. दूरदर्शनवरचे समालोचक तो वापरतात, मुलेही वापरतात. पण आपल्या भाषेत या गुणाला एक नाही, तीन शब्द आहेत, आणि तिन्हींचा अर्थ सारखा नाही. कणखर म्हटले की सह्याद्रीचा काळा पत्थर डोळ्यांसमोर येतो. घाव बसला तरी ओरखडा उठत नाही असा. चिवट म्हटले की वेताची काठी आठवते. वाकते, मोडत नाही. तिसरा शब्द खंबीर. तो ऐकला की मला खो-खोचा खांब दिसतो. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी भरधाव येऊन त्या खांबाला एका हाताने धरते आणि पूर्ण अंग पलीकडे झोकून गडी टिपते. खांब जमिनीवर सुमारे १२० सेंटिमीटर दिसतो. पण तिचे सगळे वजन आणि वेग तो पेलतो, ते जमिनीत गाडलेल्या भागाच्या जोरावर. पाया नीट भरला नसेल, तर लाकूड कितीही टणक असले तरी खांब हलतो.

मला या पुस्तकात जे सांगायचे आहे, ते या खांबात आले. मुलांचा खंबीरपणा आपण वर दिसतो तेवढाच मोजतो आणि तो त्यांच्या एकट्याच्या हिमतीवर जमा करतो. हरले की दोषही त्यांच्या एकट्याच्या नावावर लिहितो. गाडलेला भाग मात्र आपला असतो: घराचा, शिक्षकाचा, संघाचा, शाळेचा. म्हणून या पुस्तकात मी खंबीरपणा हाच शब्द वापरला आहे.

महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या उदाहरणापासूनच सुरुवात करू. साताऱ्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती नवी होती. फ्लायवेट गटात ते सहावे आले. चार वर्षांनी, २३ जुलै १९५२ रोजी, हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आज राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशी शाळाशाळांतून त्यांच्या जिद्दीची भाषणे होतात. ती जिद्द खरीच होती. पण लंडन आणि हेलसिंकी यांच्यामध्ये आणखी एक माणूस उभा आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या या विद्यार्थ्याला हेलसिंकीला पाठवण्यासाठी स्वतःचे राहते घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढून पैसे उभे केले आणि गुरुजींचे घर सोडवले.

सहावा आलेला मुलगा चार वर्षे तालीम करत राहिला, हा त्याचा खंबीरपणा. आणि सहाव्या आलेल्या मुलावर कुणीतरी घर लावले, हा त्या खंबीरपणाचा गाडलेला भाग. पदक जिंकल्यावर घर गहाण ठेवायला कुणीही तयार होईल. खर्डेकरांनी ते आधी ठेवले. भाषणांत हा क्रम हरवतो, म्हणून तो इथे पहिल्याच पानांत नोंदवून ठेवते.

आता अभ्यासकांनी काय म्हटले आहे ते थोडक्यात पाहू. १९७९ साली मानसशास्त्रज्ञ सुझान कोबासा यांनी अमेरिकेतल्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. सारखाच ताण सोसूनही काहीजण आजारी पडतात आणि काहीजण धडधाकट राहतात, ते का, हा त्यांचा प्रश्न होता. टिकून राहणाऱ्यांत त्यांना तीन गोष्टी दिसल्या: हातच्या कामात जीव गुंतलेला असणे, परिस्थितीवर आपला काही ताबा आहे असे वाटणे, आणि बदलाकडे संकट म्हणून न पाहता आव्हान म्हणून पाहणे. पीटर क्लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली या तिन्हींना चौथी जोड दिली, आत्मविश्वासाची, आणि ४८ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. त्याच वर्षी ग्रॅहम जोन्स, शेल्डन हॅन्टन आणि डेक्लन कॉनॉटन यांनी दहा आंतरराष्ट्रीय खेळाडूंनाच विचारले की हा गुण म्हणजे नेमके काय. उत्तरांतून बारा लक्षणे निघाली. सर्वांत वर होता आपल्या कुवतीवरचा अढळ विश्वास. अपयशातून उसळी घेऊन परत येणे हेही त्या यादीत वरच्या बाजूला आहे. माझ्या भाषेत तोच सोमवार.

आपल्याकडच्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांतही या विषयावर पुष्कळ प्रबंध होतात. बऱ्याच प्रबंधांची रीत सारखी असते. खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, गुणांची सरासरी काढायची आणि फरक दाखवायचा. खेळाडूंचे गुण जास्त आले, की निष्कर्ष तयार: खेळामुळे मन खंबीर होते. मलाही हे वाक्य प्रिय आहे. पालकसभेत मी ते शेकडो वेळा म्हटले असेल. पण माझ्या वह्यांनी मला ते पुन्हा तपासायला लावले. ज्या दिवशी प्रश्नावली वाटली जाते, त्या दिवशी मैदानावर कोण असते? जी टिकली ती. हरल्यानंतर जी परत आली नाहीत, ती मुले ‘न खेळणारे’ या रकान्यात जाऊन बसलेली असतात. मग खेळाने खंबीर केले, की मुळात खंबीर होती तीच खेळात उरली? एका दिवशी भरलेल्या प्रश्नावलीतून याचे उत्तर निघत नाही. त्यासाठी तीच मुले पाचवीपासून बारावीपर्यंत पाहावी लागतात, आणि सोडून गेलेल्यांच्या घरी जावे लागते.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटर जात. बारावीनंतर ते सैन्यात भरती झाले, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांची वेळ देऊन त्यांनी रौप्यपदक जिंकले. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदाने हुकले. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर शाळेत खो-खो खेळत. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहाव्या आल्या. या गोष्टी मी मुलींना दरवर्षी सांगितल्या आणि पुढेही सांगेन. फक्त आता त्यांच्या शेजारी आणखी एक वाक्य ठेवते. त्या वाटेने शाळेत जाणारी मुले अनेक होती, आणि त्यांतली जी थांबली ती सगळी कमकुवत मनाची नव्हती. कुणाच्या घरात आजारपण आले, कुणाचे लग्न ठरले, कुणाला कुणी विचारलेच नाही.

माझ्या वहीतल्या ‘ग’ लागलेल्या नावांचा मी माग काढला. सगळ्याजणी सापडल्या नाहीत. ज्या सापडल्या त्यांच्याशी सावकाश बोलले, आणि ती संभाषणे या पुस्तकाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहेत. आठवीत सुटलेल्या एकीने सांगितले की पाळी सुरू झाल्यावर स्पर्धेच्या गावी कपडे बदलायला आडोसा नसे, आणि मला सांगण्याची लाज वाटे. एकीचे वडील म्हणाले होते, “यंदा दहावी आहे, आता खेळ बंद.” तो बंद झालेला खेळ पुन्हा उघडला नाही. एकीला हरून घरी आल्यावर आजीने नुसते विचारले होते, “कशाला जाता गं मग एवढ्या लांब?” यातल्या एकीच्याही मनाला मी कच्चे म्हणणार नाही.

तरी खेळ मनाला काही शिकवतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आणि तो कसा शिकवतो हे सांगण्यासाठी मला खो-खोहून चांगले उदाहरण माहीत नाही. आक्रमण करणाऱ्या संघाचे आठ गडी मधल्या पाटीवर आठ चौकोनांत बसतात, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून. नववा पाठलाग करतो. बसलेल्या मुलीला तिच्या पाठीमागे काय चालले आहे ते दिसत नाही. पाठीला स्पर्श आणि कानावर ‘खो’ पडेपर्यंत तिला उठता येत नाही. आधी उठली तर चूक. आणि खो मिळाला की त्याच क्षणी सुटायचे, दिशा घेतली की मागे फिरायचे नाही. म्हणजे एका नऊ मिनिटांच्या डावात वाट पाहणे, दुसरीवर विसंबणे आणि आपली पाळी आली की बिचकायचे नाही, या तीन गोष्टी ती कित्येकदा करते. पळणाऱ्या बाजूला तर चूक आणि तिची किंमत यांत श्वासाचेही अंतर नसते. हुलकावणी फसली की बाद. बाद झालेली मुलगी बाहेर येऊन बसते, धाप लागलेली असते, आणि तिला उरलेल्या मैत्रिणींसाठी ओरडायचे असते. थोड्या वेळाने दुसरा डाव असतो. तिला परत पळायचे असते.

गणितात नापास झालेल्या मुलाला पुन्हा प्रयत्न करण्यासाठी महिने थांबावे लागते. मैदानावर अपयश लहान असते, वारंवार येते, सगळ्यांच्या देखत येते, आणि दुरुस्तीची संधी त्याच संध्याकाळी मिळते. मनाचा व्यायाम होतो तो या मात्रेमुळे. पण मात्रा म्हटली की प्रमाण आले. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांपासून मानसशास्त्र हे सांगत आले आहे की ताण अगदीच नसेल तर काम ढिले होते, थोडा असेल तर सुधारते, आणि हद्दीबाहेर गेला की कोसळते. ही हद्द प्रत्येक मुलाची वेगळी असते. ती ओळखणे हेच प्रशिक्षकाचे खरे कसब.

कोसळणे म्हणजे काय होते, तेही मुलांना समजावून सांगता येते. रॉय बाउमायस्टर यांनी १९८४ साली दाखवून दिले की दडपणाखाली माणूस स्वतःच्या हालचालींवर जास्त लक्ष देऊ लागतो, आणि सवयीने हातात बसलेले कौशल्य त्यामुळेच बिघडते. माझी एक चपळ मुलगी अटीतटीच्या सामन्यात नेहमी अडखळायची. तिने एकदा मला सांगितले, “बाई, तेव्हा मला माझे पाय दिसायला लागतात.” याहून नेमके वर्णन मी कुठल्या ग्रंथात वाचलेले नाही. अशा वेळी “घाबरू नकोस” म्हणून काही होत नाही. लांब श्वास सोडणे, नजर पायांवरून उचलून पाठलाग करणारीच्या खांद्यावर ठेवणे, मनाशी एक ठरलेला शब्द म्हणणे, याने होते. क्रीडा मानसशास्त्र याला स्वसंवाद म्हणते. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. समर्थ रामदासांचे २०५ मनाचे श्लोक म्हणजे मनाला समोर बसवून त्याच्याशी केलेले बोलणेच आहे, आणि ते म्हणत लहानाच्या मोठ्या झालेल्या पिढ्या आपल्या घरात आहेत. मुलांना फक्त सांगायचे, की हे मैदानावरही चालते.

या सगळ्याला वेळ लागतो, हे स्वप्नील कुसाळे यांच्याकडे पाहून कळते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा २००९ साली राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात २०२२ च्या कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत आघाडीवर असताना एक नेम चुकला आणि तो पुन्हा चौथा आला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांसह त्याने कांस्यपदक जिंकले. चौथा, चौथा, तिसरा. आपण तिसऱ्याचा सत्कार केला. पण खंबीरपणा घडला तो दोन चौथ्यांच्या नंतरच्या सोमवारी, जेव्हा रेंजवर त्याच्यासाठी हार-तुरे घेऊन कुणी उभे नव्हते.

आता एक कबुली. ती दिल्याशिवाय हे पुस्तक लिहिण्याचा मला अधिकार नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत खंबीरपणा म्हणजे सोसणे, असेच मी समजत होते. जिल्हा स्पर्धेत एका मुलीचा घोटा मुरगळला होता. सूज दिसत होती. मी चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हटले, “मन घट्ट कर, दोनच मिनिटे काढायची आहेत.” तिने ती काढली. आम्ही जिंकलो. मी तिचे कौतुक साऱ्या शाळेसमोर केले. तो घोटा पुढे तिला वर्षभर छळत राहिला, आणि ती पुन्हा खेळली नाही. ती मला कधी वाईट बोलली नाही. पण तिच्याकडून मी जे करवून घेतले, त्याला आज मी खंबीरपणा म्हणत नाही. तिने माझ्यावर टाकलेला विश्वास मी सामन्यासाठी खर्च केला. ‘रग जिरवणे’, चुकलेल्या मुलाला सर्वांदेखत शेलके शब्द ऐकवणे, थोबाडीत मारणे, पाणी पिऊ न देणे, याला आपल्या मैदानांवर अजूनही मन घडवणे म्हटले जाते. त्याने मन घडत नाही. मूल गप्प बसायला शिकते, आणि गप्प बसलेल्या मुलाचे दुखणे वेळेवर कळत नाही.

गप्प न बसणाऱ्या एका मुलीची गोष्ट अगदी ताजी आहे. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे लक्ष्य गाठताना मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा केल्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये तोवर इतक्या धावांचा पाठलाग कुणी यशस्वी केला नव्हता. याच स्पर्धेत तिला एका सामन्यातून वगळले गेले होते. सामना संपल्यावर तिने सगळ्या जगासमोर सांगितले की या काळात ती मनातल्या अस्वस्थतेशी झगडत होती, जवळजवळ रोज रडत होती; आणि आई, घरचे, संघातल्या मैत्रिणी तिच्याजवळ राहिल्या म्हणून ती उभी राहिली. तीन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, भारताने विश्वचषक जिंकला. रडणे आणि खंबीर असणे ही दोन टोके नाहीत, हे आता मुलींना समजावून सांगायला मला वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही. जवळ बसलेल्या मैत्रिणी हा गाडलेला भाग. हेलसिंकीच्या वेळी तो प्राचार्यांचे घर होता, इथे तो मैत्रिणीचा खांदा होता.

पुस्तकाची मांडणी चार भागांत आहे. पहिल्या भागात खंबीरपणाच्या कल्पना आणि तो मोजण्याच्या पद्धती आहेत. प्रश्नावली काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांनी तिथे जरूर वाचावे. दुसरा भाग मैदानाचा: श्वास, नजर, स्वसंवाद, मनात सामना खेळून पाहणे, छोटी ध्येये, आणि स्पर्धेनंतरच्या आठवड्याचे नियोजन. तिसरा भाग घराचा आणि परीक्षेचा. खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. या चांगल्या गोष्टी आहेत आणि त्यांनी अनेक घरांची दारे मुलींसाठी उघडली. पण त्यामुळे प्रमाणपत्रापुरता खेळही वाढला, आणि तालुक्याला हरलेल्या मुलाच्या हाती काहीच पडत नाही. गणिताचा जादा तास घ्यायचा झाला की पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो, हेही या भागात आहे. चौथा भाग सोडून गेलेल्यांचा आहे. त्यातल्या मुलींची नावे आणि गावे मी बदलली आहेत, शब्द त्यांचेच ठेवले आहेत.

हे पुस्तक मी प्रथम माझ्या व्यवसायातल्या भावंडांसाठी लिहिले: एकट्याने सातशे मुलांची शाळा सांभाळणाऱ्या, फाटलेल्या जाळ्या स्वतः शिवणाऱ्या, स्पर्धेच्या एसटी भाड्यासाठी खिशात हात घालणाऱ्या शिक्षकांसाठी. मग पालकांसाठी. हरून आलेल्या मुलाला घरात पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, यावर बरेच काही ठरते. “किती गुणांनी हरलात?” याऐवजी “जेवलास का?” असे विचारून पाहा, बाकीचे ते आपणहून सांगते. आणि मुख्याध्यापकांसाठीही, कारण प्रार्थनेनंतर ज्यांची नावे पुकारली जातात त्यांत हरून आलेल्या संघाचे नाव असू शकते, हे त्यांच्या हातात आहे.

खो-खो बदलला आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. आमच्या मातीतला खेळ मॅटवर, दिव्यांखाली पाहताना माझे डोळे भरून आले. पण विश्वचषक खेळणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. तालुक्याला हरून सोमवारी शाळेत येणारी लाखो असतात. त्यांच्यासाठी मैदानाचे फाटक उघडे राहिले, तर त्यांतल्या अनेकांना खंबीरपणा तिथेच मिळेल. आधी खंबीर हो आणि मग खेळायला ये, असे आपण कुणाला म्हणू नये.

शेवटी त्या वहीतली एक नोंद सांगते. विभागीय स्पर्धेचा अंतिम सामना होता. नियमित डावांत बरोबरी, जादा डावातही बरोबरी, म्हणून लघुत्तम आक्रमण घेतले गेले. यात दोन्ही संघांना एकेकदा आक्रमण मिळते आणि समोरचा पहिला गडी कोण कमी वेळात बाद करतो, यावर सामना ठरतो. आमच्याकडून पळायला उतरलेली नववीतली एक मुलगी पहिल्याच खोवर फसली, काही सेकंदांत बाद झाली, आणि सामना गेला. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी तिच्याशी काय बोलावे ते मला सुचले नाही, म्हणून मी शेजारी नुसती बसले.

सोमवारी सहाला ती आली नाही. मी वहीत तिच्या नावापुढे ‘ग’ लिहिला आणि सराव सुरू करायला सांगितले. मुली चौकोनांत बसल्या. सातच बसल्या, आठवीने पाठलाग घेतला. तिसरा चौकोन मोकळा होता. तो तिचा. मी म्हटले, “सरका गं, जागा भरून घ्या.” कुणी हलले नाही. मी पुन्हा म्हटले. कर्णधार बसल्या जागेवरून म्हणाली, “येईल ती, बाई.”

पावणेसातला ती फाटकाशी दिसली. थोडा वेळ तिथेच उभी होती. मग आत आली, चपला काढल्या, आणि काही न बोलता तिसऱ्या चौकोनात जाऊन बसली. खेळ थांबला नव्हता. पुढचा खो तिलाच मिळाला.

त्या दिवसाच्या रकान्यात ‘ग’ खोडून वर ‘ह’ लिहिलेला आहे. तो ‘ह’ तिने एकटीने मिळवलेला नाही. चौकोन मोकळा ठेवणाऱ्या त्या आठ मुलींना हे पुस्तक मी मनापासून अर्पण करते.